हृदयाचा ठोका कोण देतो?



या व्यासपीठावर काल संतवाङ्मयावर व्याख्यान झाले, उद्या अर्थकारणावर होणार आहे. मधला दिवस चालकांनी आमच्यासारख्या कामगार संघटनेच्या माणसाला दिला, आणि आम्ही विषय निवडला तो हृदयाचा. कार्यक्रमपत्रिका वाचून आमच्या एका मित्राने विचारले, "हृदय म्हणजे मालकांना नसते तेच ना?" तसले काही आज बोलावयाचे नाही. आपल्या छातीच्या पिंजऱ्यात मुठीएवढा जो एक स्नायू आहे, त्याच्याविषयीच बोलावयाचे आहे. आणि तेही रक्ताविषयी थोडे, विजेविषयी अधिक. आमचे शाळेतले शिक्षण नववीपाशी थांबले. वैद्यकाचा अधिकार आमच्याकडे नाही. जे वाचले आणि जाणत्यांना विचारून पक्के करून घेतले, तेवढेच आपणांपुढे ठेवू.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका दाव्यामुळे. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात एका कारखान्यातला वायरमन पाण्याचा पंप दुरुस्त करताना कोसळला. वय एकतीस. भोवतीच्या माणसांनी तोंडावर पाणी मारले, कांदा हुंगविला, तळवे चोळले आणि टेंपोत घालून त्याला इस्पितळात नेले. तेथे पोचेपर्यंत पाऊण तास गेला होता. अंगावर भाजल्याची खूण नव्हती. कागदावर लिहिले गेले : हृदयक्रिया बंद पडून मृत्यू. झाले! मालकपक्षाने तेवढे एक वाक्य उचलले आणि म्हटले, हृदय कोणाचेही, केव्हाही बंद पडते. त्याला आजार असेल, आमचा काय संबंध? पंपाच्या लोखंडी अंगात वीज उतरत होती आणि अर्थिंगची तार तुटलेली होती, हे संघटनेने दाखविले. पण प्रश्न उरला तो असा, की न भाजता, न जळता, विजेने माणूस मरतो कसा? त्याचे उत्तर शोधीत आम्ही तीन महिने पुस्तके चाळीत होतो. दाव्याचा निकाल त्याच्या विधवेच्या बाजूने लागला. पुस्तके मात्र आमच्या हातून सुटली नाहीत.

उत्तर थोडक्यात असे, की हृदय स्वतःच विजेवर चालते. ही वीज अगदी अल्प असते. एका पेशीच्या आतबाहेर मिळून एक दशांश व्होल्टच्या आसपास फरक. आणि छातीच्या कातडीवर मोजू गेल्यास व्होल्टचा हजारावा भाग. पण तिच्या तालावर दिवसाला सुमारे एक लाख ठोके पडतात. मिनिटाला सत्तर धरा, तासाच्या साठाने गुणा, दिवसाच्या चोविसाने गुणा. हिशेब आपणच करून पाहावा.

मग ही वीज येते कोठून? आपल्यांतील बहुतेकांची समजूत अशी, की मेंदू हुकूम सोडतो आणि हृदय तो पाळते. हाताच्या बाबतीत ते खरे आहे. मेंदूपासून हाताकडे जाणारा मज्जातंतू तुटला तर हात लुळा पडतो. हृदयाचे तसे नाही. बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून योग्य द्रवात ठेवले तर ते तासन्‌तास धडधडत राहते. तेथे मेंदू नाही, मज्जारज्जू नाही, बेडूकही नाही. आणि ठोके चालूच आहेत! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील वॉल्टर गॅस्केल याने कासवाच्या हृदयावर प्रयोग करून दाखवून दिले, की ठोक्याची प्रेरणा स्नायूतच उपजते आणि स्नायूतूनच पुढे सरकते.

'योग्य द्रवात' असे आम्ही म्हटले, त्यामागे एक मौज आहे. लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात जिवंत ठेवीत असत. पुढे ध्यानात आले, की पाणी शुद्ध, म्हणजे ऊर्ध्वपातित असेल तर हृदय लवकर थकते, आणि साध्या नळाचे असेल तर टिकते. आधीच्या प्रयोगांतील पाणी प्रत्यक्षात नळाचेच होते, हे रिंगरने १८८३ साली छापून जाहीर केले. नळाच्या पाण्यात चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम असते, आणि त्यावाचून हृदयाचा स्नायू आकुंचन पावत नाही. हे नळाचे पाणी प्रयोगशाळेतल्या मदतनिसाने परस्पर वापरले होते, असे सांगतात. तसे असेल तर शरीरशास्त्राचा एक मोठा शोध एका नोकराच्या आळसाला लागलेला आहे, आणि आम्हांला त्याचा आनंद वाटतो.

माणसाच्या बाबतीत याचा पुरावा हवा असेल तर हृदयरोपणाकडे पाहावे. एकाचे हृदय काढून दुसऱ्याच्या छातीत बसवितात, तेव्हा रक्तवाहिन्या जोडल्या जातात. मज्जातंतू जोडता येत नाहीत. तरीही ते हृदय चालू लागते. आपल्या परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, म्हणजे जगातल्या पहिल्या रोपणानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, हे धाडस करून पाहिले होते. तो रुग्ण वाचला नाही. आणि भारतात या शस्त्रक्रियेला पहिले यश १९९४ साली दिल्लीत आले. अशा रोपण केलेल्या हृदयाचा विसाव्याचा वेग मिनिटाला नव्वद ते एकशेदहाच्या घरात असतो. म्हणजे हृदय मोकळे सोडले तर ते शंभराच्या आसपास धावते. मेंदूकडून येणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू त्याला लगाम घालून सत्तरावर आणतो. आपण जिना चढू लागलो की आधी लगाम सैल होतो, मग दुसऱ्या तंतूंकडून टाच मारली जाते. लगाम आणि टाच बाहेरची. चाल मात्र घोड्याची स्वतःची.

आता ही चाल उपजते ती जागा कोणती? येथे आम्हांला एका जपानी गृहस्थाचे नाव घ्यावयाचे आहे, कारण डॉक्टरमंडळी सोडली तर ते फारसे कोणाला ठाऊक नाही. सुनाओ तावारा हे तरुण डॉक्टर १९०३ साली जर्मनीतील मारबुर्ग येथे आशॉफ या प्राध्यापकांकडे शिकावयास गेले. हृदयाचे पातळ काप काढावयाचे, रंगवावयाचे, सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे, आणि मागच्या कापाशी पुढचा ताडून घ्यावयाचा; असे त्यांनी वर्षानुवर्षे केले. त्यांच्या आधी तुकडे तुकडे सापडलेले होते. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाला १८३९ साली मेंढीच्या हृदयात आतल्या बाजूस करड्या तंतूंचे जाळे दिसले होते, पण ते कशासाठी हे त्याला उमगले नव्हते. १८९३ साली हिस नावाच्या डॉक्टराला वरचे कप्पे आणि खालचे कप्पे जोडणारी एक बारीक जुडी सापडली होती. तावारांनी ते सर्व एकत्र सांधले. जुडीच्या वरच्या टोकाला एक गाठ आहे; खाली जुडीला दोन फांद्या फुटतात; त्यांच्या डहाळ्या होत होत शेवटी पुर्किन्येचे ते जाळे होते. मूळ, खोड, फांद्या, डहाळ्या, असे एक अखंड झाडच त्यांनी १९०६ च्या ग्रंथात उभे केले.

झाड मिळाले, पण पहिली ठिणगी पडते ती जागा त्याच्याही वर होती. इंग्लंडमध्ये आर्थर कीथ यांनी तावारांचे काम पडताळून पाहण्यास घेतले. १९०६ च्या उन्हाळ्यात त्यांच्या खेड्यातल्या घरी मार्टिन फ्लॅक हा वैद्यकाचा विद्यार्थी निरनिराळ्या प्राण्यांची हृदये तपाशीत बसला होता. कीथ पतिपत्नी सायकलीवरून फेरफटका मारून परत आली, तेव्हा फ्लॅकने त्यांना चिचुंद्रीसारख्या जमिनीत बिळे करून राहणाऱ्या 'मोल' या प्राण्याच्या हृदयातली एक चमत्कारिक रचना दाखविली. वरची मोठी शीर हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यास जेथे मिळते, नेमक्या तेथे पेशींचा एक लहानसा पुंजका होता. पुढे माणसातही तो तेथेच सापडला. यालाच आज साइनस नोड म्हणतात. आपण त्याला 'वरची गाठ' म्हणू आणि तावारांच्या गाठीला 'मधली गाठ'. वरची गाठ दीड-दोन सेंटिमीटर लांब असते, चंद्रकोरीसारखी. आणि जन्माच्या पुष्कळ आधीपासून मरणाच्या घटकेपर्यंत आपले सगळे ठोके सामान्यतः तेथून निघतात.

या गाठीतील पेशीचे वैशिष्ट्य असे, की तिला स्वस्थ बसता येत नाही. इतर पेशी बाहेरून धक्का मिळेपर्यंत थांबून राहतात. ही पेशी एक ठोका देऊन मोकळी होते न होते, तोच तिच्या भिंतीतली बारीक छिद्रे उघडतात आणि बाहेरील सोडियमचे विद्युत्‌भारित कण आत झिरपू लागतात. भार वाढत जातो, एका ठराविक पातळीला पोचतो, आणि तेथे कॅल्शियमची दारे धाडकन उघडून ठोक्याची ठिणगी पडते. सार्वजनिक मुतारीत वर टांगलेली ती आपोआप भरणारी टाकी आपण पाहिली असेल. नळ बारीक धारेने चालू असतो, पाणी काठाशी आले की टाकी एकदम रिती होते, आणि लगेच पुन्हा भरू लागते. कोणी साखळी ओढावी लागत नाही. व्याख्यानमालेत उपमा जरा हलकी वाटेल, पण आम्हांला याहून चपखल सुचली नाही. या झिरपणाऱ्या प्रवाहाला शोधणाऱ्या शास्त्रज्ञांनी १९७९ साली जे नाव दिले त्याचा अर्थच मुळी 'विचित्र' असा आहे; कारण पेशी उत्तेजित होताना सुरू व्हावे हा प्रवाहांचा सर्वसाधारण रिवाज, आणि हा सुरू होतो पेशी निवू लागताना.

ठिणगी पडली की ती वरच्या दोन कप्प्यांत, म्हणजे अलिंदांत, पसरते. ती दोन्ही आकसून रक्त खाली ढकलतात. आता तीच वीज त्याच क्षणी खालच्या दोन कप्प्यांत, म्हणजे निलयांत गेली तर काय होईल? निलये भरण्यापूर्वीच आवळली जातील आणि पंप अर्धा रिकामा चालेल. म्हणून निसर्गाने अलिंदे आणि निलये यांच्यामध्ये वीज न जाऊ देणाऱ्या चिवट तंतूंचे कडे घातले आहे, आणि त्यात ओलांडण्याजोगी वाट एकच ठेवली आहे : मधल्या गाठीची. या गाठीत वीज इतकी रेंगाळते, की सेकंदाला जेमतेम पाच सेंटिमीटर पुढे सरकते. त्यात साधारण एक दशांश सेकंद जातो. तेवढ्यात निलये भरून घेतात. गाठ ओलांडून पुर्किन्येच्या जाळ्यात शिरली, की तीच वीज सेकंदाला दोन ते चार मीटर वेगाने धावते, त्यामुळे निलयांचा सारा स्नायू जवळजवळ एकाच वेळी आवळला जातो. जेथे थांबावयाचे तेथे थांबणे, जेथे धावावयाचे तेथे धावणे! आम्ही यंत्रशाळेत उमेदवारी केली आहे. कारखान्यातील यंत्रांच्या वेळा अशा जुळवून देणारा फोरमन आम्हांला भेटला नाही.

वरची गाठ थकली किंवा वाट अडली तर? तर मधली गाठ कारभार हाती घेते आणि मिनिटाला चाळीस ते साठ ठोके देते. तिचेही चालले नाही तर खालचे जाळे स्वतः ठोके देऊ लागते, वीस ते चाळीस. म्हणजे ठोका देण्याची शक्ती ठिकठिकाणी आहे. मग एरवी सगळे गप्प का बसतात? कारण वरची गाठ सर्वांत वेगवान आहे. इतरांची टाकी काठाशी येण्याच्या आतच तिची लाट येऊन त्यांना रिती करून जाते. तिला कोणी नेमलेले नाही. ती सर्वांच्या आधी तयार असते एवढेच. चळवळीतल्या आमच्या तरुण मित्रांना हे सांगितले की ते टाळ्या वाजवितात : हृदयात मालक नाही! आणि मालकांच्या एका सभेत सांगितले तेव्हा त्यांनीही मान डोलाविली : पाहा, एकाने पुढे व्हावेच लागते! आमचे दोघांनाही सांगणे असे, की पेशींना पोट नसते आणि मत नसते. त्यांच्यावरून समाजाचे कायदे काढू नयेत.

या विजेचे चित्र कागदावर आणले ते हॉलंडमधील लायडनच्या विलेम आइंटहोव्हेन यांनी, विसाव्या शतकाच्या आरंभी. त्यांना केसाहून बारीक धागा हवा होता. वितळलेल्या काचमण्याला बाण जोडून तो धनुष्याने सोडावयाचा, म्हणजे मागे अतिसूक्ष्म धागा ताणला जाई. त्यावर चांदीचा मुलामा देऊन तो चुंबकाच्या मध्ये टांगावयाचा. यंत्राचे वजन सुमारे पावणेतीनशे किलो, चालवावयास पाच माणसे, आणि रुग्णाचे दोन हात व एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडविलेले. इस्पितळ प्रयोगशाळेपासून दीड किलोमीटरवर. म्हणून तेथवर तार टाकून रुग्णाचा ठोका तारेने आणला. त्यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज दवाखान्यात पाच मिनिटांत जी पट्टी हातात मिळते, ती तीच. तिच्यावरचा पहिला लहान उंचवटा अलिंदांचा. त्यानंतरची सपाट जागा म्हणजे मधल्या गाठीतील थांबा. उंच टोक निलयांचे. आणि शेवटचा गोलसर उंचवटा निलये पुन्हा सज्ज होत असतानाचा. हा शेवटचा उंचवटा ध्यानात ठेवावा. आमच्या वायरमनच्या मरणाशी त्याचा संबंध आहे.

त्याआधी पेसमेकरविषयी दोन शब्द, कारण या सभागृहात काहींच्या छातीत तो असेल. मधली वाट कायमची अडली की ठोके वीस-तीसवर येतात आणि माणूस चालता चालता बेशुद्ध पडतो. स्वीडनमधील आर्ने लार्सन यांना दिवसाला वीस-तीस वेळा असे झटके येत. त्यांची पत्नी एल्स-मारी ही शल्यविशारद सेनिंग आणि अभियंता एल्मक्विस्ट यांच्या मागे लागली. ते म्हणाले, असे यंत्र अजून तयार नाही. ती म्हणाली, मग तयार करा. बुटांच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात ओतलेले ते यंत्र ८ ऑक्टोबर १९५८ रोजी लार्सन यांच्या शरीरात बसले. पहिले काही तासांतच बंद पडले, दुसरे बसविले. पुढे आयुष्यभरात त्यांना वीसहून अधिक यंत्रे लागली. २००१ साली ते शहाऐंशीव्या वर्षी वारले, तेव्हा ते यंत्र करणारा आणि बसविणारा हे दोघेही त्यांच्याआधी गेलेले होते.

आता वायरमनकडे येऊ. घरच्या विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तने घेतो. साठ वॉटच्या दिव्यातून जेवढा प्रवाह जातो, त्याच्या निम्म्याहूनही कमी प्रवाह छातीतून सेकंदभर गेला, तरी तो निलयांच्या त्या शेवटच्या उंचवट्याच्या वेळी त्यांना गाठू शकतो. त्या क्षणी काही पेशी सज्ज झालेल्या असतात, काही झालेल्या नसतात. लाट सरळ न जाता वळसे घेऊ लागते, फुटते, फुटलेल्या लाटा पुन्हा फिरून येतात. मग निलयांतील प्रत्येक कण आपापल्या वेळी आवळतो. सगळे राबत असतात, पण रक्ताचा थेंबही पुढे सरकत नाही. उकळी फुटलेल्या डाळीसारखे हृदय नुसते थरथरते. याला निलयांचे विकंपन म्हणतात. कातडी ओली असेल तर वीज आत शिरताना भाजल्याची खूणही राहत नाही. दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते, आणि चार-पाच मिनिटांपुढे मेंदूची हानी होऊ लागते. हृदयविकाराच्या झटक्यातही पुष्कळ वेळा मरण येते ते याच विकंपनाने. झटका म्हणजे रक्ताची नळी तुंबणे. हे म्हणजे तारायंत्राचा गोंधळ. पहिल्यातून दुसरे उद्भवू शकते, पण दोन्ही एक नव्हेत.

यावरचा उपाय कामगारांच्या मरणातून निघाला, हे आम्ही मुद्दाम सांगतो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेत विजेच्या तारांवर काम करणारी माणसे पटापट मरू लागली, तेव्हा वीज-कंपन्यांनी संशोधनास पैसा दिला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील विल्यम कौवेनहोव्हेन हे त्या कामास लागले. ते डॉक्टर नव्हते, विद्युत्‌-अभियंते होते. लहान धक्क्याने विकंपन सुरू होते आणि मोठ्या धक्क्याने ते थांबते, हे जिनीव्हाच्या प्रेव्हो आणि बातेली यांनी १८९९ मध्येच कुत्र्यांवर पाहिले होते. छाती न उघडता असा धक्का देणारे यंत्र कौवेनहोव्हेन यांनी तयार केले. १९५८ साली त्यांच्या एका तरुण सहकाऱ्याच्या ध्यानात आले, की यंत्राच्या जड पट्ट्या कुत्र्याच्या छातीवर दाबताच, वीज सोडण्याआधीच, रक्तदाब किंचित चढतो. म्हणजे नुसत्या दाबानेही रक्त पुढे जाते! त्यातून छाती दाबण्याची रीत निघाली. १९६० साली त्यांनी वीस रुग्णांची हकीकत छापली. त्यांतील चौदा वाचले होते.

तेव्हा कारखान्यात, चाळीत, रस्त्यावर कोणी कोसळला तर आधी विजेचा मुख्य खटका बंद करावा. त्यापूर्वी त्याला हात लावू नये. हाक मारून प्रतिसाद नाही आणि श्वास नाही, किंवा नुसते आचके येत आहेत, असे दिसले तर कांदा शोधू नये. १०८ ला फोन करावयास एकाला सांगावे, आणि दुसऱ्याने लगेच छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहात ठेवून, कोपर ताठ करून दाबू लागावे : मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ देऊन. काहीच न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता शेकडा सात ते दहाने घटते. आमच्या संघटनेच्या मागणीपत्रकात आता पगारवाढीच्या खालोखाल दोन बाबी असतात : प्रत्येक खात्यात तीस मिलिअँपिअरला तुटणारे ई. एल. सी. बी., आणि फाटकाशी झटका देणारे स्वयंचलित यंत्र. वाटाघाटींत दुसऱ्या बाबीवर हसतात. बोनसवर हसत नाहीत, हेही आम्ही पाहिले आहे.

त्या यंत्राविषयी एक गैरसमज सिनेमांनी पसरविला आहे. पडद्यावर रेघ सपाट होते, डॉक्टर झटका देतात आणि हृदय चालू होते. प्रत्यक्षात सपाट रेघेला झटका देत नाहीत. यंत्र स्वतःच ताल तपासते आणि विकंपन नसेल तर नकार देते. विकंपन असेल तर त्याचा झटका हृदय सुरू करीत नाही, उलट क्षणभर थांबवितो. सगळ्या पेशी एकदम रित्या होतात, फिरणाऱ्या लाटांना जावयास जागा उरत नाही, आणि दोन-तीन सेकंद सारे शांत होते. त्या शांततेत ज्या टाकीत पाणी सर्वांआधी काठाशी येते, ती वरची गाठ पुन्हा पहिला ठोका देते. निदान देण्याची संधी तिला मिळते. झटक्यानंतर यंत्र लगेच छाती दाबावयास सांगते, कारण ते पहिले ठोके दुबळे असतात. आणि दोन मिनिटांनी ते पुन्हा तपासते.

मागच्या दालनात दोन रबरी पुतळे आणून ठेवले आहेत. ज्यांना हात लावून पाहावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर यावे. वाकणे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी एक पुतळा टेबलावर आहे. दाबावयास वाटते त्याहून पुष्कळ जोर लागतो, आणि दोन मिनिटांत दम लागतो, म्हणून जोडीदार घेऊनच यावे.